समजलं नाही, पुन्हा सांगा

मी कॉम्प्युटर शिकले ते न समजलेल्या व्याख्यानांतून. हे वाक्य मुद्दाम सगळ्यात आधी लिहितेय, कारण माझ्या निवृत्तीच्या सत्कारात जे जे बोललं गेलं त्यात ते कुठेच नव्हतं. 'मॅडमनी प्रतिकूल परिस्थितीत जिद्दीनं' वगैरे सगळं झालं, नारळ झाला, शाल झाली. परिस्थिती प्रतिकूल होती हे खरं आणि जिद्दही असेल, पण जिद्दीनं प्रोग्राम चालत नाही. त्याला कुणीतरी शिकवावं लागतं, आणि मला शिकवलं ते अशा माणसांनी, ज्यांचं निम्मं बोलणं माझ्या डोक्यावरून गेलं.

संशोधनावरचं व्याख्यान कसं असतं ते आधी सांगते. एखादा माणूस एकाच प्रश्नाच्या मागे वर्षानुवर्षं लागलेला असतो. तो तासाभरात तुम्हाला सांगतो की मी कुठवर आलो, कुठे अडकलो. पुस्तकात डांबरी रस्ता असतो. व्याख्यानात तो माणूस अजून काटेरी झुडपं तोडत असतो, आणि त्याच्या हाताला लागलेले काटे तुम्हाला दिसतात. आमच्या काळी तो सोबत पारदर्शक पत्रे आणायचा. त्यावर शाईच्या पेनानं लिहिलेलं असायचं, ते दिव्याच्या यंत्रावर ठेवलं की भिंतीवर मोठं होऊन पडायचं. वीज गेली की भिंत कोरी. मग वक्ता खडू हातात घ्यायचा, आणि माझ्या अनुभवानं सांगते, तिथून पुढे व्याख्यान जास्त चांगलं व्हायचं.

धुळ्याला आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम नुकताच सुरू झाला होता. ऐंशीच्या दशकाची अखेर. मी शिंदखेड्याची. वडील, म्हणजे आबा, विजेच्या खात्यात वायरमन होते. कॉम्प्युटरची खोली थंड ठेवलेली असायची, चपला बाहेर काढून आत जायचं. मशीन थोडी आणि पोरं भरपूर, म्हणून आम्ही प्रोग्राम आधी कागदावर लिहायचो, कागदावरच चालवून बघायचो आणि पाळी आली की धावत जाऊन टाइप करायचो. तेवढ्यात वीज गेली तर पुन्हा रांगेच्या शेवटी. वर्गातली पोरं म्हणायची, "तुझ्या आबांना सांग ना, कॉलेजची लाइन तरी सोडा." मी सांगायचे, "धुळ्याची लाइन त्यांच्याकडे नाही. असती तर तुमच्याच घरची आधी बंद केली असती."

आमचे विभागप्रमुख खैरनार सर मूळचे गणिताचे. नवा विभाग निघाला आणि तो त्यांच्या गळ्यात पडला. माणूस कष्टाळू होता. रोज आमच्या एक धडा पुढे वाचून यायचे. पण त्या धड्याच्या बाहेरचा प्रश्न आला की त्यांचा चेहरा कडक व्हायचा. "सिलॅबसमध्ये आहे का?" एवढंच विचारायचे.

एकदा बंगळुरूच्या एका मोठ्या संस्थेतले डॉ. वरदन त्यांच्या मित्राच्या घरच्या लग्नाला धुळ्यात आले होते. प्राचार्यांना कळलं आणि त्यांनी त्यांना गाठलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या हॉलमध्ये व्याख्यान ठरलं. हळदीचा डाग असलेला शर्ट घालून ते आले. विषय होता, एकाच मशीनवर चाललेले प्रोग्राम एकमेकांची वाट बघत कायमचे अडकून का बसतात. इंग्रजीत बोलले, मध्ये मध्ये हिंदीत.

पहिली काही मिनिटं मला समजलं. मग त्यांनी फळ्यावर चौकोन काढले, गोल काढले, त्यांच्यामध्ये बाण काढले, आणि माझी गाडी तिथेच रुळावरून उतरली. आजूबाजूला बघितलं तर सगळे माना डोलावत होते. मला वाटलं, सगळ्या हॉलमध्ये मीच एक मठ्ठ. व्याख्यान संपलं. खैरनार सर उठले आणि म्हणाले, "एनी क्वेश्चन?"  आभाराचं भाषण करायला एक मुलगा खुर्चीवरून अर्धा उठलाही होता.

मी का उभी राहिले ते आजही नीट सांगता येणार नाही. राग आला होता, एवढं आठवतं. इतक्या लांबून आलेला माणूस बोलून जाणार आणि मी तशीच कोरी घरी जाणार, याचा राग.

मी म्हटलं, "सर, मला समजलं नाही."

खैरनार सर म्हणाले, "बस खाली. मला नंतर विचार."

डॉ. वरदन म्हणाले, "नहीं, नहीं. कहाँ से नहीं समझा?"

"बाण काढले तिथून. बाण कुणाकडून कुणाकडे जातो? मागणारा वस्तूकडे जातो, की वस्तू मागणाऱ्याकडे जाते?"

ते फळ्याकडे वळले. आपलेच बाण बोटानं तपासले. मग हसून म्हणाले, "अरे, ये तो मैंने बताया ही नहीं!" त्यांनी सगळं पुसलं आणि पुन्हा काढलं. बाण या बाजूला असेल तर 'मला हवंय', त्या बाजूला असेल तर 'माझ्या ताब्यात आहे'. आणि मग त्या चित्रात बाणांमागून बोट फिरवत गेलं आणि फिरून पहिल्याच जागी आलं, की समजायचं सगळे अडकले. प्रत्येक जण पुढच्याची वाट बघतोय, आणि सगळ्यात पुढचा सगळ्यात मागच्याची. एवढं साधं! हॉलमध्ये आधी डोललेल्या माना आता खरोखर डोलत होत्या.

जाताना त्यांनी मला बोलावलं. "सब कुछ समझने मत बैठो. मैं भी नहीं समझता. हर लेक्चर में एक सवाल पकड़ो, मुट्ठी में रखो, आख़िर तक मत छोड़ो." नंतर अनेक मोठमोठ्यांचं ऐकलं, पण व्याख्यान कसं ऐकावं हे मला त्यांनीच शिकवलं.

दुसऱ्या दिवशी खैरनार सरांनी मला केबिनमध्ये उभं केलं. "पाहुण्यांसमोर कॉलेजची अब्रू घालवलीस. त्यांना काय वाटलं असेल, इथं काही शिकवत नाहीत?"

 मला पटलं नव्हतं, आणि पटल्याचा चेहराही केला नाही. सरांना ते दिसलं असावं.

त्यानंतर काही महिन्यांनी पुण्याच्या एका संस्थेचं बोलावणं आलं. भारतीय भाषा कॉम्प्युटरवर आणण्याच्या कामावर तिथं व्याख्यानं होणार होती, आणि प्रत्येक कॉलेजनं दोन विद्यार्थी पाठवायचे होते. मी नाव दिलं. सरांनी दोन मुलगे निवडले. कारण विचारलं तर म्हणाले, "मुलीची जबाबदारी कोण घेणार?" व्हरांड्यात वर्गातला एक जण म्हणाला, "तुला इथं ॲडमिशन मिळाली तेवढं बस नाही का? तुम्हाला काय, जागा राखीव असतात." आमची वस्ती बुद्धविहाराजवळची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी म्हटलं, "पुण्याच्या हॉलमध्ये राखीव नाहीत ना? मग मी बिनराखीव जाते."

घरी गेले आणि आबांना सांगितलं, मला पुण्याला जायचंय, बोलावणं नाही. आबांनी एवढंच विचारलं, "तिथं काय असतं?" मी म्हटलं, "माणसं बोलतात." ते म्हणाले, "चल मग, ऐकून येऊ." रजा टाकली आणि आम्ही एसटीनं निघालो.

दारावर बिल्ला नसलेल्याला आत सोडत नव्हते. मी आलेय कुठून, कशासाठी, सगळं सांगून झालं. माणूस म्हणाला, "ताई, नियम आहे." आबा समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसले. मी पायऱ्यांवर बसले. चहाची सुट्टी झाली, सगळे लोंढ्यानं बाहेर आले. चहा पिऊन लोंढ्यानं आत जाऊ लागले, तेव्हा त्यांच्यात मीही होते. पायातली चप्पल धुळ्याची होती, पण चाल मी अगदी पुण्याची केली. कुणी विचारलं नाही.

आत जे सर बोलत होते त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांच्याशी माझं भांडण तेव्हाच करून झालंय, आता नव्यानं नको. त्यांचा प्रोग्राम मराठी शब्दाची शेपटी कापून मूळ शब्द शोधायचा. 'घराला' दिलं की 'ला' कापायचा, मधला 'रा' नीट करायचा आणि सांगायचा, मूळ शब्द 'घर'. मूळ शब्द सापडला की बाकीचं, म्हणजे शुद्धलेखन तपासणं, शब्दकोश लावणं, सगळं सोपं. आज तुमच्या फोनमध्ये असलं काहीतरी असतं. तेव्हा ते पाहून माझ्या अंगावर काटा आला. मशीनला मराठी येत होतं!

मी मुठीत एक प्रश्न धरला होता: या प्रोग्रामला काय येत नाही? आणि व्याख्यानं ऐकून ऐकून मला पुढे जे पक्कं कळलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. वक्ता जिथं घाई करतो तिथं त्याचं दुखणं असतं. सरांनी एक पत्रा लावला आणि लगेच काढला.

प्रश्नांच्या वेळी मी हात वर केला. "सर, तो आधीचा पत्रा पुन्हा लावाल का?"

त्यांनी नाइलाजानं लावला. वर लिहिलं होतं, 'अशुद्ध शब्द'. प्रोग्रामला न सोडवता आलेले शब्द होते ते. गावोगावच्या मजकुरातून गोळा झालेले. त्यात मला दिसलं: 'घरले', 'माले' म्हणजे मला, 'शे' म्हणजे आहे, 'बठ्ठा' म्हणजे सगळे. माझी आई ज्या भाषेत मला जेवायला हाक मारते ती अहिराणी सगळी भिंतीवर, अशुद्ध म्हणून.

मी म्हटलं, "सर, 'घरले' म्हणजे 'घराला'. 'ला' कापता तसं 'ले' कापा, आत घर सापडेल. मग हा शब्द चुकीचा कसा?"

"ती बोली आहे," ते म्हणाले. "आधी भाषा होऊ द्या, मग बोलींचं बघू."

"आमच्याकडे लाखो माणसं असं बोलतात. ती भाषा झालेलीच आहे ना, सर?"

"मग ती लाखो माणसं आधी शाळेत जाऊ देत," असं म्हणून ते हसले. त्यांच्याबरोबर हॉल हसला.

मी बसले. कान तापले होते. बाहेर आल्यावर आबांनी विचारलं, "काय म्हणाली माणसं?" मी म्हटलं, "घरी सांगते."  घरी आल्यावर आईनं जवळ बसवलं तेव्हा सगळं बाहेर आलं.

"कसाले रडस?" आई म्हणाली.

"बठ्ठा हासनात माले."

"हासू दे. हासनारासना दात दखातस. तुनं काय जास?"

खरंच, माझं काय जाणार होतं? शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मी त्या रात्री जेवतानाच ठरवला.

त्या काळी प्रोजेक्ट म्हणजे तीनच गोष्टी असत: पगारपत्रक, वाचनालय आणि दवाखाना. दर वर्षी तेच प्रोग्राम, फक्त नावं बदलून. मी अर्जात लिहिलं, 'अहिराणी शब्दाचं मूळ रूप शोधणे'. खैरनार सरांनी दोनदा वाचलं.

"हा काय विषय झाला? पगारपत्रक घे. नोकरी लागेल."

"पगारपत्रकं वर्गात आधीच ढीगभर आहेत, सर."

"हे तपासणार कोण? मला यातलं काही येत नाही."

हे त्यांनी सरळ म्हटलं याचं मला नवल वाटलं. पहिल्यांदाच म्हटलं असावं. मीही आवाज खाली आणला. "मलाही येत नाही, सर. पण शब्द बरोबर निघाला की नाही हे तुम्हाला कळेल. तुमच्या घरी हेच बोलतात ना?"

ते साक्रीकडचे होते. त्यांनी अर्ज पुढ्यात ओढला आणि म्हणाले, "सही करतो. मार्कांचं मात्र मला विचारू नको."

मशीनवर देवनागरी नव्हती. मी सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. 'ले', 'ना', 'नी', 'मा' अशा शेपट्यांची यादी केली, कुठली आधी कापायची याचे नियम बसवले. शब्द आणायला बाजारात बसले, एसटी स्टँडवर बायकांच्या बोलण्याला कान लावून बसले. आबा कामासाठी खेडोपाडी जायचे, तेही शब्द घेऊन यायचे. एकदा पिंपळनेरहून आले आणि म्हणाले, "तिकडे वेगळंच बोलतात. तुझं मशीन तिथं बावचळेल." ते बावचळलंच. मी नियम पुन्हा लिहिले. परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांना या सगळ्याचं काय करावं ते कळलं नाही, आणि माझा पहिला वर्ग थोडक्यात हुकला. पगारपत्रकवाल्यांचा हुकला नाही. हुकू दे. त्या वर्षी कॉलेजात एकच प्रोग्राम असा होता जो आधी कुणी लिहिला नव्हता, आणि तो माझा होता.

पुढच्या खेपेला मी पुण्याला लिहून पाठवलं की मला बोलायचंय. आश्चर्य म्हणजे त्यांनी शेवटच्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतरची पेंगुळलेली वेळ दिली. या वेळी गळ्यात बिल्ला होता, आणि आबांच्याही गळ्यात होता, कारण मी त्यांना 'सहकारी' म्हणून लिहिलं होतं. शब्द आणले होते त्यांनी, खोटं काय त्यात?

मी मराठीत बोलले. सूत्रसंचालक म्हणाल्या, "इंग्लिश, प्लीज." मी म्हटलं, "मराठी शब्दांवरची व्याख्यानं गेल्या खेपेला इंग्रजीत ऐकली. अहिराणीवरचं तुम्ही निदान मराठीत ऐका." पत्र्यावर 'घरले' लिहून सुरुवात केली. ते सर पहिल्या रांगेत होते. प्रश्नांच्या वेळी तेच आधी उभे राहिले.

"जळगावच्या पूर्वेकडे जे बोलतात त्याला तुमचे हे नियम चालतात का?"

"नाही."

"मग याला तुम्ही अहिराणीचा प्रोग्राम म्हणणार, की तुमच्या तालुक्याचा?"

प्रश्न बोचरा होता, पण चोख होता. या वेळी कुणी हसलं नाही. मी म्हटलं, "आज तरी तो धुळ्याकडचा आहे. पूर्वेचं मला येत नाही. तिकडे गेले की सांगेन."

"काम लहान आहे," ते म्हणाले.

"हो सर. पण 'अशुद्ध' नाही ना?"

ते खाली बसले. मला ते पुरेसं होतं. मागून आबांनी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांनी वाजवल्या.

तो प्रोग्राम आता नाही. फ्लॉपीवर होता, फ्लॉपीला बुरशी लागली, आणि कागदावरची प्रत घर बदलताना गेली. पूर्वेचे नियम कधी लिहून झाले नाहीत. नोकरी लागली, संसार झाला, दिवस तासांमध्ये कापले गेले. याची हळहळ आहे आणि राहील. आज कुणी तरुण ते काम करत असेल तर त्यानं मला भेटावं, मी चहा पाजीन आणि चुका सांगेन.

नोकरी लागली ती जळगावच्या एका कॉलेजात. वर्षं गेली तरी कायम नेमणूक व्हायची होती. तिथं मी गुरुवारची व्याख्यानं सुरू केली. दर गुरुवारी एका विद्यार्थ्यानं वाचलेलं, केलेलं काहीतरी सगळ्यांसमोर सांगायचं, हव्या त्या भाषेत. बाहेरून कुणी येणारं असेल तर त्यालाही बोलवायचं. नियम एकच, प्रश्न आल्याशिवाय टाळ्या नाहीत. प्राचार्य म्हणायचे, "मॅडम, याला मार्क किती?" मी म्हणायचे, "शून्य." ते म्हणायचे, "मग पोरं येतात कशी?" पण पोरं यायची. एरंडोलची, पारोळ्याची, एसटीच्या वेळा सांभाळून यायची.

दोन हजार साल उजाडायला आलं तेव्हाची गोष्ट. जुने प्रोग्राम सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. नव्याण्णवनंतर शून्य शून्य आलं की मशीनला ते एकोणीसशे वाटेल आणि जगाचा कारभार ठप्प होईल, अशी भीती सगळीकडे होती. भीतीत तथ्य होतं, पण भीतीवर दुकानंही चालली होती. संस्थेचे विश्वस्त मोतीशेठ पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेल्या, धान्याच्या व्यापारातल्या घराण्यातले. त्यांच्या ओळखीनं मुंबईचे एक टायवाले गृहस्थ 'संशोधनपर व्याख्यान' द्यायला आले. गुरुवारच्या वेळेत, माझ्याच हॉलमध्ये.

गृहस्थ बोलायला तरबेज होते. विमानं पडतील, बँका बंद होतील, आणि शेवटी आले आमच्या प्रयोगशाळेवर. सगळी मशीन एक जानेवारीला बंद पडणार, म्हणून सगळी आधीच बदलायला हवीत, आणि नवी मशीन त्यांची कंपनी देणार. मोतीशेठ गंभीरपणे ऐकत होते.

प्रश्नांची वेळ आली. पोरं माझ्याकडे बघत होती. मी उभी राहिले.

"सर, प्रयोगशाळा शेजारीच आहे. एक जानेवारीची वाट कशाला बघायची? मशीनमधलं घड्याळ पुढं करून आत्ताच बघू या का?"

"मॅडम, असं करणं धोक्याचं असतं."

"मशीन आमची आहेत. धोका आम्ही घेतो."

"हा व्याख्यानाचा विषय नाही," प्राचार्य म्हणाले.

"व्याख्यानात दावा केलाय, सर. दावा केला की तपासायचा, एवढंच तर इथं शिकवतो."

मोतीशेठच उठले. "चलो, देखते हैं." सगळा हॉल चपला काढून प्रयोगशाळेत. पोरांनी एकेका मशीनचं घड्याळ डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी, बारा वाजायच्या किंचित आधी नेऊन ठेवलं. सगळे श्वास रोखून उभे. बारा वाजले. बहुतेक मशीन गुमान दोन हजारात गेली. काही जुनी होती ती एकोणीसशे ऐंशीत जाऊन बसली. तारीख हातानं एकदा बरोबर टाकली, बंद करून चालू केली, तशी तीही शहाण्यासारखी चालू लागली.

गृहस्थ म्हणाले, "मशीन ठीक, पण तुमचे प्रोग्राम?" हा मुद्दा खरा होता आणि मी तो तिथंच मान्य केला. फीच्या पावत्यांचा आमचा प्रोग्राम दोनच आकडे लिहीत होता. तो पोरांनी पुढच्या काही दिवसांत दुरुस्त केला. पण नव्या मशीनची बात तिथंच संपली.

आठवड्याच्या आत मला मेमो मिळाला. पाहुण्यांचा अपमान केला, लेखी माफीनामा द्या. त्यावर संस्थेची बैठक बसली, आणि माझ्या कायम नेमणुकीचा कागदही त्याच बैठकीत होता. बैठकीत प्राचार्य बोलले, मग मोतीशेठ बोलले. आवाज समजुतीचा होता.

"मॅडम, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण पाहुणा माझा होता. माफी दोन ओळींची असते. लिहून टाका, विषय संपवा."

"शेठजी, त्या दोन ओळी मी लिहिल्या तर उद्या माझी पोरं प्रश्न विचारायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघतील. विचारू की नको, बाईंना आवडेल का. तसा एक जरी गुरुवार गेला तर मी इथं कशाला आहे?"

"मग नेमणूक अडेल."

"अडू दे."

ती अडली. पुढे बऱ्याच उशिरानं झाली. मेमो माझ्या फाइलमध्ये निवृत्तीपर्यंत राहिला. मोतीशेठ नंतर भेटले की नमस्कार करायचे, आणि मीही करायचे. पण त्या वेळी प्राचार्यांनी एक काम लगेच केलं. गुरुवारी हॉल बंद ठेवायचा आदेश काढला.

पुढच्या गुरुवारी मी गेले तेव्हा हॉलला कुलूप होतं. मला वाटलं पोरं पांगली असतील. इमारतीला वळसा घालून गेले तर सगळी मागच्या सायकल स्टँडवर छपराखाली बसलेली. त्या दिवशी पाळी होती जयश्रीची. पिंपळनेरजवळच्या पाड्यावरची, इथं वसतिगृहात राहणारी मुलगी. दोन वर्षांत वर्गात तोंड उघडलं नव्हतं तिनं. कुणीतरी मोडक्या बाकाची फळी उभी करून तिचा फळा केला होता. मजकूर लहान कसा करायचा ते ती सांगत होती. जे अक्षर वारंवार येतं त्याला आखूड खूण द्यायची, क्वचित येणाऱ्याला लांब खूण दिली तरी चालते, एकूण जागा वाचते. हात थांबत नव्हता.

तेवढ्यात प्राचार्य आले. मागे शिपाई. जयश्री गप्प झाली, खडू तसाच फळीवर टेकलेला. सगळी पोरं उठून उभी राहिली.

"हॉल बंद ठेवायला सांगितला होता ना मी?" प्राचार्यांनी मला विचारलं.

"बंदच आहे, सर," मी म्हटलं. "किल्ली शिपायांकडे आहे."

 ते तिथंच उभे राहिले. पोरं एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. मी एका सायकलच्या कॅरिअरवर बसले, पदर सारखा केला, आणि जयश्रीला म्हटलं, "तू बोल."